सुंबरानातलं एक नाव

सोनाजीला कुणी ‘बिचारा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा गारखेड्यात भाजी घेताना आमच्या कॉलेजचे एक निवृत्त प्राध्यापक भेटले आणि त्यांनी नेमकं तेच म्हटलं. “तो धनगराचा मुलगा हो, आपल्या पथकाबरोबर लखनौला गेला होता तो. बिचारा! काय आवाज होता, पण वाया गेला.” मी हातातली मेथीची जुडी परत टोपलीत टाकली आणि भाजीवालीच्या देखतच विचारलं, “कुणी घालवला वाया?” ते म्हणाले, “जाऊ द्या हो बाई, जुनी गोष्ट आहे.” जुनी गोष्ट म्हटलं की या मंडळींना हात झटकून मोकळं होता येतं. म्हणूनच मी ती सांगणार आहे.

नामांतराच्या ठरावाचं ते वर्ष. मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका कॉलेजात मराठी शिकवत होते. माझ्या घरी बाजाची पेटी आहे हे कुणीतरी शोधून काढलं आणि सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडला. विभागाचे प्रमुख सदाशिवराव. नाटकावर व्याख्यानं देत, स्वतः कधी रंगमंचावर चढले नाहीत. त्यांना लोककला फार प्रिय होती, पण लोकांची त्यांना अडचण व्हायची. तालमीला मुलं चपला काढून बसली की ते खिडक्या उघडायला लावत.

चिकलठाण्याच्या पलीकडच्या एका गावातून सोनाजी कॉलेजला यायचा. बाप लहानपणीच गेलेला. मेंढरांमागं असताना पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि रानातच संपला. चुलत्यानं, मुंजाबानं, त्याला वाढवलं. शिकायलाही त्यानंच पाठवलं. मुंजाबा म्हणजे त्या धनगरवस्तीचा ढोलाचा उस्ताद. त्याच्या ढोलाची थाप छातीत लागायची. एकेकाळी त्याच्याकडं मोठा कळप होता. मग गावचं गायरान कारखान्यांसाठी गेलं, तारेची कुंपणं आली, आणि मेंढरांना चरायला राहिलं काय, तर रस्त्याकडेचं धुळीनं माखलेलं गवत. कळप विकून मुंजाबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात वॉचमन झाला. ज्या मातीवर त्याची मेंढरं चरली, तिथंच तो खाकी कपडे घालून उभा राहायचा आणि वस्तीतलं कुणाचं मेंढरू आत शिरलं की काठी घेऊन त्याला हाकलायचा. याला आमच्याकडं विकास म्हणत, आणि कारखान्याच्या वार्षिक समारंभात त्यावर भाषणं होत.

कारखाना काकासाहेबांचा होता. आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. म्हणजे गेटवर मुंजाबाला सलाम ठोकायला लागायचा तोही त्यांनाच, आणि आम्हालाही त्यांनाच.

ढोलाचं पथक काढायची कल्पना सोनाजीची. कॉलेजात शिकणारी वस्तीतली आणि आजूबाजूच्या गावांतली पाच मुलं त्यानं जमवली. गळ्यात ढोल त्यांच्या, गाणारा सोनाजी. सुट्टीच्या दिवशी मुंजाबा सायकलवरून यायचा आणि मैदानावर त्यांना पावलं शिकवायचा. कमी होता फक्त कैताळ वाजवणारा. कैताळ म्हणजे पितळेची मोठाली झांज; ती ढोलांना एकत्र बांधून ठेवते. सोनाजी म्हणाला, “बाई, पुंजाराम हाय की.”

पुंजाराम त्याच गावातला, बौद्धवाड्यातला. साळूबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा गेल्यावर लोकांच्या शेतात खुरपून तिनं त्याला बी. ए.ला आणलं होतं. सोनाजी आणि तो एकाच सायकलवरून यायचे, चढावर पुंजाराम उतरून ढकलायचा. गावच्या जत्रेत ढोल घुमायचे तेव्हा हा पोरगा देवळाच्या आवाराबाहेर लिंबाखाली उभा राहून ऐकायचा. रिंगणात यायची त्याला सोयच नव्हती. पण बाहेर उभं राहूनच त्यानं सगळा ताल पाठ केला होता. पहिल्याच दिवशी त्यानं कैताळ हातात घेतली आणि पाच ढोल असे एका जागी आले की मुंजाबा चालता चालता थांबला.

तालीम सुरू करताना मुंजाबा प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावायचा. बिरोबाची हळद ती. पुंजारामापाशी आला तसा पुंजाराम एक पाऊल मागं सरला. “नाना, मला नगं. आमच्या घरात देव नाय.” मी म्हटलं, आता काय होतंय! मुंजाबानं क्षणभर विचार केला आणि चिमूट कैताळीवर टाकली. “कैताळ देवाची हाय. तू तुझा.” त्या दिवशी घरी जाऊन मी हे किती कौतुकानं सांगितलं होतं! अडाणी माणूस पण मन केवढं मोठं, असं काहीतरी बोलले होते.

मग पावसाळ्यात विधिमंडळात ठराव झाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा. एका नावासाठी मराठवाडा पेटला. वर्षानुवर्षं एका विहिरीचं पाणी पिऊ न देणारी माणसं अचानक विद्यापीठाच्या अस्मितेची काळजी करायला लागली. यातल्या निम्म्यांनी विद्यापीठाचं गेटसुद्धा पाहिलेलं नव्हतं. गावोगावी बौद्धवाडे जळले. सोनाजीच्या गावातही एका भर दुपारी घोळका शिरला. बहुतेक माणसं बाहेरगावची होती, काही गावातलीच. साळूबाई दूर शेतात होती. पुंजाराम तापानं फणफणून घरात झोपला होता. घराला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. समोरच्या टेकडीवर सोनाजी शेजाऱ्याची मेंढरं घेऊन गेला होता. धूर बघून तो धावत आला, तापलेली कडी त्यानं नुसत्या हातानं उघडली. उजवा तळवा सोलून निघाला. पण उशीर झाला होता.

पोलीस आले. सगळ्या गावानं कानांवर हात ठेवले. कोण रानात होतं, कोण बाजाराला गेलं होतं. कुणी कुणाला पाहिलंच नव्हतं. ‘अज्ञात इसम’ म्हणून गुन्हा नोंदला गेला. ओळखीपाळखीचे लोक भर दुपारी घर जाळतात आणि सरकारदरबारी ते अज्ञात! मला तर हा शब्द वाचला की आजही चीड येते.

सोनाजी महिनाभरानं कॉलेजात आला तेव्हा हाताला पट्टी होती. मुलं त्याच्याकडं आदरानं बघायची. मीही बघायची.

थंडीत लखनौहून राष्ट्रीय युवक लोककला महोत्सवाचं आमंत्रण आलं. सदाशिवराव हरखले. एवढा लांबचा दौरा कॉलेजच्या नशिबी पहिल्यांदाच आला होता. काकासाहेबांनी मुलांच्या कपड्यांचा आणि प्रवासाचा खर्च अंगावर घेतला, आणि जाण्याआधी बंगल्यावर एकदा कार्यक्रम करून दाखवा असा निरोप पाठवला. कपडे आले ते गुलाबी साटिनचे. मुंजाबानं ते हातात धरून बघितले आणि म्हणाला, “बाई, ह्ये बँडवाल्याचं हाय का वो?” मी सदाशिवरावांशी भांडून साधी धोतरं, बंड्या आणि फेटे मंजूर करून घेतले. म्हटलं, चला, लढाई जिंकलो. खरी लढाई अजून लागायचीच होती.

बंगल्याच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सुरू करण्याआधी सदाशिवरावांनी सोनाजीला बाजूला घेतलं आणि एक ओळ सांगितली. ढोलाआधी जे सुंबरान म्हणतात, म्हणजे देवांची नावं घेऊन गाण्याची मांडणी करतात, त्यात देवांनंतर काकासाहेबांचं नाव घालायचं. दानशूर, उद्योगमहर्षी वगैरे. ओळ सदाशिवरावांनी स्वतः रचली होती आणि तिच्यावर ते खूश होते.

सोनाजी अवघडला. म्हणाला, “सर, ते नाय करता येत. सुंबरानात जित्या माणसाचं नाव घेत नायत.”

“का?”

“आधी देव, मग रिंगणातलं जे गेलं त्ये. गेल्या सालात रिंगणातलं माणूस गेलं आसंल तर पयल्या सुंबरानात त्याचं नाव घ्यावंच लागतं. नाव घेतलं की समदे ढोल एक थाप देतेत. त्याशिवाय पुढं वाजवत नाय. जित्याचं घेतलं तर…”

“तर काय?”

“तर तो गेलेल्यांत धरला, आसं व्हतं.”

सदाशिवराव म्हणाले, “अंधश्रद्धा! विसाव्या शतकात राहतोस ना?” पण तेवढ्यात मागं काकासाहेब येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढा मोठा माणूस, चार कारखाने, दोन मोटारी, पण चेहरा असा उतरला की मला हसू आवरेना. “अरे नको नको, माझं नाव काढा! सदाशिवराव, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे नसते उद्योग करायला? तब्येत आधीच बरी नाही माझी.” विसावं शतक तिथंच हिरवळीवर आडवं झालं. सदाशिवरावांनी मुकाट्यानं ओळ मागं घेतली.

हसणं तिथंच संपलं. सोनाजीनं सुंबरान सुरू केलं. कानावर हात ठेवून त्यानं आवाज लावला, देव झाले, आणि मग तो म्हणाला, “रिंगणाचा गडी गेला, पुंजाराम त्याचं नाव.” थाप द्यायला हात उचलले गेले आणि काकासाहेबांनी हात वर केला. थांबा.

आता ते घाबरलेले नव्हते. आता ते अध्यक्ष होते. “हे काय? तो जळालेला मुलगा? छे छे. मोठ्या मुश्किलीनं शांत झालंय सगळं. पुन्हा कशाला निखारा फुंकता? तिथं दिल्लीचे लोक असणार, पेपरवाले असणार. आपल्या जिल्ह्याची बदनामी.” सदाशिवरावांनी लगेच मान डोलावली. “कला आणि राजकारण वेगळं ठेवावं, सोनाजी.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, “काकासाहेब, अहो मुलगा आपल्याच कॉलेजचा होता. पथकातला होता. नुसतं नाव घेणं हे राजकारण कसं?” ते शांतपणे म्हणाले, “बाई, सध्या या भागात सगळं राजकारण नावाचंच आहे.” आणि मग सोनाजीकडं वळून, “नाव न घेता गायचं असेल तर जा. नाहीतर दुसरा गाणारा बघू. आणि तुझा चुलता आमच्या गेटवर असतो ना? भला माणूस आहे.” एवढंच. धमकी द्यायचीही या लोकांची रीत बघा, शेवटचा शब्द कौतुकाचा!

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि सोनाजी ढोल आणायला वस्तीवर गेलो. ढोल देवळाचे, मुंजाबाच्या ताब्यातले. त्यानं ते नीट ताणून, दोऱ्या आवळून तयार ठेवले होते. ते देताना सोनाजीचा जळका हात त्यानं धरला आणि म्हणाला, “नाव घिऊ नकू, पोरा. माह्याकडं बघ. गायरान गेलं, मेंढरं गेली, आता गेटबी जाईन.” सोनाजी खाली बघत होता. मुंजाबा माझ्याकडं वळला. “बाई, तुमी सांगा त्याला. मेलेल्याला काय फरक पडतोय? जित्यायचं बघाया पायजे.” त्याचे डोळे भरले होते. मला त्याची फार कीव आली. एका गरिबाच्या तोंडून दुसऱ्या गरिबाचं नाव पुसून घेणारे ते बंगल्यातले लोक आठवले आणि मी मनात त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. सोनाजीला मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, त्याचं तो ठरवेल.

छोट्या गाडीनं मनमाड, तिथून मोठी गाडी. ढोल डब्यात मावेनात म्हणून मुलांनी ते मांडीवर घेतले. वस्तीतल्या मुलांनी मनमाडच्या पुढं जग पाहिलेलं नव्हतं. स्टेशन आलं की सगळी खिडकीला लोंबायची. सोनाजी मात्र कोपऱ्यात बसून होता. कैताळ वाजवायला शेजारच्या गावचा एक मुलगा घेतला होता. तो सारखा सोनाजीला विचारायचा, इथं कसं वाजवू, तिथं कसं. पुंजारामाच्या हातची कैताळ त्याला ऐकून तरी माहीत असावी असं सोनाजीला वाटायचं, आणि ती ऐकवायला काहीच नव्हतं. म्हणून मी माझ्या भावानं दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर बरोबर घेतला होता. निदान सोनाजीचा आवाज तरी राहावा.

लखनौचं ते सभागृह केवढं मोठं! पंजाबची मुलं, आसामची मुलं, राजस्थानच्या मुली. आमची सात धोतरवाली मुलं पडद्यामागं एकमेकांना चिकटून उभी होती. सदाशिवराव कोट घालून सोनाजीच्या कानाशी लागले. “देवांची नावं, आणि थेट ढोल. लक्षात आहे ना?” सोनाजीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही.

पडदा उघडला. सोनाजीनं आवाज लावला. बिरोबा झाला, वेरूळचा घृष्णेश्वर झाला, खंडोबा झाला. मग तो थांबला. पाच ढोलकऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं. मी विंगेत टेपरेकॉर्डर पोटाशी धरून उभी होते, आणि माझ्या मनात एकच होतं, घे रे, घे. आणि त्यानं घेतलं. “रिंगणाचा गडी गेला, पुंजाराम त्याचं नाव.” पाचही ढोलांवर एकच थाप पडली. एकही हात मागं राहिला नाही. माझे डोळे वाहायला लागले आणि शेजारी सदाशिवराव कपाळावर हात मारून खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं बक्षीस मिळालं. पेपरवाले आले, फोटो काढून गेले. एकालाही त्या नावाचा अर्थ कळला नव्हता. जिल्ह्याची बदनामी झाली नाही. पण सदाशिवरावांना कळला होता ना! परतीच्या गाडीत ते कुणाशी बोलले नाहीत. झाशीला त्यांनी एकट्यानं पुऱ्या खाल्ल्या.

कॉलेजनं पथकाचा सत्कार केला. सोनाजीला त्या दिवशी बोलावलंही नाही. बक्षिसाची ढाल काकासाहेबांच्या हातात आणि मागं सदाशिवराव, असा फोटो अजून प्राचार्यांच्या खोलीत असेल. त्यानंतर पथकात दुसरा गाणारा आला, साटिनचे कपडे आले, आणि सुंबरानाऐवजी स्वागतगीत. मी विभाग सोडला, भांडून सोडला. मुंजाबाची नोकरी मात्र गेली नाही. मला जरा नवल वाटलं. एवढी धमकी देणारे काकासाहेब एवढे कसे निवळले? पण मुंजाबानं सोनाजीशी बोलणं टाकलं होतं. एका घरात राहून दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. मला वाटलं, धसका घेतलाय म्हाताऱ्यानं.

मग मीच सोनाजीला म्हटलं, साळूबाईला ऐकवू या. तिला कळू दे तिच्या मुलाचं नाव कुठवर पोचलं ते. खरं सांगू, मी फार उत्साहात होते. सोनाजी नको नको म्हणत होता. मला वाटलं, लाजतोय.

साळूबाई सरकारनं दिलेल्या पत्र्याखाली राहत होती. सकाळची वेळ, ती मिरच्या निसत बसली होती. आम्हाला बघून तिनं पोतं अंथरलं. मी टेप लावला. तिनं मिरच्यांवरचा हात काढला नाही, पण हात थांबला. देव झाले. नाव आलं. थाप आली. मी तिच्याकडं बघत होते, की आता रडेल, आता काहीतरी म्हणेल. टेप संपला तशी तिनं हातातली मिरची पाटीत टाकली.

मग ती सोनाजीला म्हणाली, “लखनौ लई लांब आसंल, नाय?”

“व्हय, साळूमाय.”

“तिथं घेतलंस नाव. झाक केलंस. पर माह्या लेकाचं नाव मला ठावं हाय रं. म्या ठिवलंय ते.” तिनं मिरच्यांची पाटी बाजूला सारली. “मला दुसरं नाव पायजे. कडी कुणी लावली त्याचं.”

सोनाजीनं जळका हात पाठीमागं नेला.

“टेकडीवर व्हतास तू. तिथनं माहं दार दिसतं. कडी उघडाया पळत आलास, म्हंजी लावताना बघितली व्हतीस. जमादार आला तवा काय म्हनलास? आलो तवा आग लागलेली व्हती. व्हय ना?”

मी मध्येच बोलायला गेले, “अहो साळूबाई, यानं हात जाळून घेतला…” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सोनाजीचा आवाज फुटेना. तो आवाज, ज्यानं लखनौचं सभागृह भरलं होतं! “साळूमाय,” तो म्हणाला, “त्यानं मला वाढवलं.”

“म्याबी एकाला वाढवलं व्हतं,” साळूबाई म्हणाली.

मला तेव्हा कळलं. भंडाऱ्याची ती चिमूट, ते भरलेले डोळे, ‘मेलेल्याला काय फरक पडतोय’. मी ज्याची कीव केली होती तो माणूस! आणि मालकाला सगळं माहीत होतं, म्हणून तर तो ‘भला माणूस’. रिंगणात कैताळ वाजवू देणारा हात दाराला कडी लावू शकतो, हे मला आजही पचत नाही. विचारलं तर लोक म्हणतात, त्या दिवसांत वारंच तसं होतं. वाऱ्यानं कडी लागत नाही हो!

सोनाजी उठला, आणि वस्तीवर न जाता सरळ रस्त्याला लागला. मी मागोमाग. ठाण्यात जमादारानं आम्हाला दुपारभर बाकड्यावर बसवलं. “आता कशाला? केस थंड झाली. चुलत्याशी वाटणीचं भांडण आहे का?” असं तीनतीनदा विचारलं. सोनाजी प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला, आणि मी तिथून हलले नाही म्हणून शेवटी त्यानं जबाब लिहून घेतला.

वस्तीनं सोनाजीला वाळीत टाकलं. गुन्हा अंगणात होता तेव्हा ज्यांना तो दिसला नाही, त्यांना सोनाजीची फितुरी बरोबर दिसली. लखनौला एकदिलानं थाप देणाऱ्या मुलांनीही त्याला ओळख देणं सोडलं. त्यानं कॉलेज सोडलं, शहरात खोली घेतली, कारखान्यात लेथवर काम धरलं. पुढं पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या, लग्न केलं, मुलं शिकवली. ढोलाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. वस्तीच्या देवळातले ढोल सोडून दुसऱ्या ढोलावर गायचं त्याच्या मनाला पटत नव्हतं, आणि ते देऊळ त्याला बंद होतं. आवाज वाया गेला म्हणतात तो असा गेला.

खटल्याचा निकाल आताच सांगून टाकते. सगळे सुटले. गावातला एकही माणूस दुसरा साक्षीदार म्हणून उभा राहिला नाही, आणि एकट्या पुतण्याच्या शब्दावर चुलत्याला शिक्षा होत नाही, असं कायदा म्हणतो म्हणे. विद्यापीठाला नाव मिळायला पुढं आणखी कितीतरी वर्षं गेली. ते मिळालं तेव्हा शहरात पेढे वाटले गेले. सदाशिवरावांनीही वाटले!

पण काही वर्षांनी ज्या दिवशी सोनाजीची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात होते. मुंजाबा आरोपींच्या रांगेत, स्वच्छ धुतलेल्या फेट्यात, खाली मान घालून उभा होता. काकासाहेबांनी दिलेला वकील होता त्याच्या बाजूला. मागच्या बाकावर साळूबाई एकटी. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या आणि लोक दाराशी दाटीनं उभे होते. सरकारी वकिलानं विचारलं, कडी लावताना कुणाला पाहिलं? सोनाजीनं कठडा घट्ट धरला. ओठ हलले, पण मला पहिल्या बाकावरही काही ऐकू आलं नाही.

कारकून ओरडला, “मोठ्यानं बोला. साहेबांना ऐकू जात नाही.”

मुंजाबानं मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. सोनाजीनं कठडा सोडला आणि बाहेरच्या व्हरांड्यातही ऐकू जाईल असं सांगितलं, “मुंजाबा. माहा सख्खा चुलता. कडी त्यानं लावली. म्या बघितली.”

साळूबाईनं पदर तोंडात कोंबला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.